सावली भाड्यानं मिळेल

“बाई, सावली पळाली!”

असा फोन आला की मी घड्याळ न पाहताच समजून जायची, दुपारचे तीन होऊन गेले. पलीकडचा माणूस घामानं निथळत असायचा, त्याच्या मागं बायकांचा कल्ला, कुठलं तरी लेकरू भोकाड पसरून बसलेलं, आणि तो माझ्यावर असा चिडलेला, जणू सावलीला फूस लावून मीच पळवलं.

“कुठी पळाली?” मी विचारलं.

“शेजाऱ्याच्या आंगनात! त्याच्या शेळ्या बसल्या तिच्यात, फुकटच्या फाकट! अन् माह्ये पाव्हने उन्हात!”

“मंग बरोबर आहे भाऊ. या टायमाले ती तिथीच जाते.”

हे जवळच्याच खेड्यातलं गिऱ्हाईक. नातवाचं बारसं होतं. बाजूला कनात नको, हवा लागली पाहिजे, असं त्यानं मला बजावून सांगितलं होतं. मग काय व्हायचं? छत त्याच्या अंगणावर आणि सावली शेजाऱ्याच्या. मी कनात घेऊन पोहोचली तेव्हा तो कुंपणापाशी उभा राहून शेळ्यांना हुसकत होता आणि शेजारी खाटेवर बसल्या बसल्या म्हणत होता, “शेळ्या माह्या, आंगन माहं. मी काऊन उठवू?” दोघांचंही बरोबर होतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं घरात गेली आणि पदर तोंडात कोंबून हसून घेतलं.

ब्रह्मपुरीत आमचं बिछायत केंद्र होतं. तिकडे पुण्या-मुंबईकडे मंडपवाले म्हणतात, आमच्याकडे बिछायत केंद्र. सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, कनाती, स्वयंपाकाच्या गंज-पराती, सारं भाड्यानं मिळायचं. धंदा सासऱ्यांचा. तो माझ्या नवऱ्याकडे जायचा, पण आमच्या ह्यांना उंचीची भीती. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय लटलटायचे, तिसरीवर डोळे पांढरे. म्हणून त्यांनी भोंगे आणि माइक घेतला, कारण ‘हॅलो, हॅलो’ म्हणायला जमीन सोडावी लागत नाही. आणि मांडव आला माझ्याकडे. साडीचा काष्टा मारून मी बल्लीवर, म्हणजे मांडवाच्या खांबावर, चढली तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या. पुढं त्यांच्याच पोरींच्या लग्नात त्या मला विचारायला येऊ लागल्या, “बाई, पंगत कुठी बसवू?”

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आम्ही सावली भाड्यानं द्यायचो. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीत कापडाचं कोणाला काय पडलं आहे? रंग कोणता, झालर कोणती, हे पत्रिका छापून होईपर्यंत. एकदा डोक्यावर ऊन आलं की माणूस एकच गोष्ट मागतो.

आता मी धंदा सोडला. गुडघे कुरकुर करायला लागले आणि बल्ल्या विकून टाकल्या. सांगण्यासारखी लग्नं खूप आहेत, पण मला सांगायचं आहे ते असं एक लग्न, जिथं मी दोरीला बोटसुद्धा लावलं नाही. ते माझ्या पोरीचं होतं. शब्द दिला होता ना मी तिला! तो पाळता पाळता त्या दिवशी माझा जीव जायचाच बाकी राहिला. पण आधी सावलीचे चाळे सांगते, नाही तर तुम्हाला माझं दुखणं कळायचं नाही.

लोकांना वाटते, छत जिथं, सावली तिथं. असं फक्त भर दुपारी असते. सकाळी सूर्य उगवतीला खाली असतो, तेव्हा छताची सावली लांबच लांब मावळतीकडे पडते, पार रस्त्यावर. सूर्य चढतो तशी ती आखडत आखडत आत येते. दुपारी गुमान छताखाली बसते. आणि दुपार कलली की निघाली उगवतीकडे, हळूहळू लांब होत. छत जितकं उंच, तितकी ती दूर भटकते. म्हणून जुने मांडव ठेंगणे असायचे. वर जांभळाच्या फांद्या टाकलेल्या, डोक्याला पानं लागायची, पण गार! आता लोकांना उंच घुमट पाहिजे. घुमट पाहायला चांगला, पण त्याची सावली तिसऱ्या घरी.

सासरे आदल्या दिवशीच लग्नाच्या जागी एक बल्ली रोवून ठेवायचे. मग थोड्या थोड्या वेळानं तिच्या सावलीच्या टोकावर दगड ठेवत जायचे. संध्याकाळी दगडांची रांग पाहिली की उद्या कोणाला कुठं बसवायचं ते ठरायचं. माझी पल्लवी तेव्हा एवढीशी. सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर झोपायची, उठली की आजोबांच्या मागं दगड घेऊन फिरायची. तिच्यासाठी तो खेळ होता.

या खेळात एक दिवस भलताच येतो. मे महिन्याच्या शेवटी शेवटी भर दुपारी सूर्य बरोबर टाळूवर येतो आणि उभ्या बल्लीची सावलीच राहत नाही. अशाच एका दिवशी एका लग्नात नवरदेवाचे आजोबा मांडवाबाहेरच्या उघड्या बल्ल्या तपासायला आले. म्हातारा मोठा चिकित्सक. ही बल्ली सरळ आहे का, ती पक्की आहे का, हलवून पाहत होता. पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं, बल्लीला सावली नाही. दुसरीला नाही. मग त्यानं स्वतःच्या पायाकडं पाहिलं.

“मेलो! मी मेलो रे!” म्हातारा असा ओरडला की वाजंत्री थांबली. “भुताले सावली नसते! मी मेलो अन् कोनी सांगतलंबी नाई!”

तो मटकन बसला. सुना धावल्या, कोणी कांदा हुंगवला, कोणी छातीला कान लावला. म्हातारा काही केल्या ऐकेना. मी शिडीवरून खाली आली आणि म्हटलं, “भाऊ, उभे राहा. आता दोन्ही हात आडवे पसरा.” त्यानं पसरले. खाली जमिनीवर दोन हातांची काळी सावली पडली.

“हाये!” म्हातारा आनंदानं किंचाळला. “हाये, हाये! मी हाये!”

त्या दिवशी वरातीत तो पूर्ण वेळ हात पसरूनच नाचला. कोणी जवळ गेलं की त्याच्या हाताचा फटका बसायचा. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा त्यानंच उडवला.

पण आमच्या धंद्यात खरी गोम त्या दिवसानंतर सुरू होते. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून चालतो, म्हणून भिंतीच्या उत्तरेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत गारेगार सावली. हे सगळ्यांना माहीत आहे. आणि धान निघालं, हातात सवड आली, की लोक लग्नाची जागा पाहायला निघतात तेही थंडीतच. मोठी इमारत पाहतात, तिच्या उत्तरेला उभं राहतात, “वा, काय सावली हाये!” म्हणून खूश होतात, आणि तारीख काढतात मेच्या शेवटची. तोपर्यंत सूर्य त्या भिंतीला ओलांडून उत्तरेकडे गेलेला असतो. जी बाजू थंडीत सावलीची, तीच आता उन्हाची. सासरे म्हणायचे, “सूर्यानं कूस बदलली.” या एका गोष्टीवर आमच्याकडचे भले भले मंडपवाले तोंडघशी पडले आहेत.

आता पल्लवीचं.

ती गडचिरोलीला नर्स आहे. लग्न ठरलं, ते मुलाकडे चिमूरला. मांडव मुलाकडच्यांचा, मेच्या शेवटी. चिमूरच्या दिनेशभाऊला काम दिलेलं. हा नवीन दमाचा मंडपवाला, पाटीवर ‘इव्हेंट’ लिहिणारा, मला मावशी म्हणायचा. एका संध्याकाळी पल्लवी पोळ्या लाटत होती आणि मी शेकत होती.

“आई, एक कबूल कर.”

“काय?”

“माह्या लग्नात तू कनातीले हात लावायचा नाई. दोरीले नाई, खुंट्याले नाई. कोनाले सांगायचंबी नाई का इकडं बांध, तिकडं सोड. खुर्चीवर बसायचं अन् मले पाह्यचं.”

“मंग? मी का तुले पाह्यनार नाई?”

“तू नाई पाह्यत, आई. तू लग्नात वर पाह्यतं, नाई तं खाली पाह्यतं. मामाच्या लग्नात मामीनं कोन्त्या रंगाचा शालू नेसला होता, सांग बरं?”

मामाच्या मांडवात उगवतीकडच्या दोन बल्ल्या तिरप्या होत्या, हे मला आजही लख्ख आठवते. शालूचं विचारू नका.

“गॅदरिंगमध्ये मी नाचून राह्यली होती, तं तू पडद्याच्या मागं गाठी मारत होती,” ती म्हणाली. हसत हसतच म्हणाली, पण लाटणं थांबलं होतं. “एक दिवस, आई. एकच दिवस मले पाह्य.”

तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, “हव. शब्द देते.”

बाहेरून हे ओरडले, “कोन बसनार? तू? एका जागी?” आणि इतके हसले, इतके हसले, की ठसका लागून त्यांना पाणी द्यावं लागलं.

लग्नाच्या सकाळी चिमूरला गाडीतून उतरली आणि नजर आपोआप वर गेली. पल्लवीनं कोपर मारलं. मी नजर खाली आणली, तर जमिनीवरची सावली दिसली. आता पाहू कुठं, आकाशात? पण तेवढ्यात मला सारं कळून गेलं होतं. समाजमंदिराची उंच भिंत, तिच्या उत्तरेला मांडव, भिंतीला पाठ लावून स्टेज. म्हणजे नवरा-नवरी उत्तरेकडे तोंड करून बसणार. वर पांढराशुभ्र उंच घुमट. उत्तर-मावळतीचा कोपरा साफ उघडा, फोटो चांगले यावेत म्हणून. जागा कधी पाहिली असेल ते विचारायची गरजच नव्हती.

मनाशी म्हटलं, लग्न वेळेवर लागलं तर कोणाला पत्ता लागणार नाही. पत्रिकेत साडेअकरा होते. पण आम्हा बौद्धांच्या लग्नात मुहूर्त नसतो. धम्मानं आम्हाला मुहूर्तातून सोडवलं, पण डीजेतून कोणी सोडवलं नाही. वरात निघाली ती चौकात अडकली. जावयाचे दोस्त रस्त्यावर लोळून नाचत होते. एक वाजला, दोन वाजले. भंतेजी दोनदा मठ्ठा पिऊन आले. मी नवीन साडी नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून बसली होती. शेजारी हे, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून.

वरात आली आणि सावली निघाली.

मावळतीच्या बाजूला वरपक्ष बसलेला. ऊन त्यांच्या पायावर आलं, तशा खुर्च्या सरकल्या. थोड्या वेळानं आणखी. वरपक्ष सरकत सरकत आमच्या पाहुण्यांत शिरला, आमचे पाहुणे सरकून स्वयंपाकाच्या पातेल्यांपाशी गेले. एका मामांनी तर खुर्चीला चिकटलेल्या अवस्थेतच, न उठता, टुण्‌टुण् उड्या मारत अंगण पार केलं. कोण कोणाकडचा हे कोणालाच कळेना, पण सारे एका सावलीत कोंबून बसले. स्टेज मात्र जागचं हलेना. बुद्धाच्या मूर्तीपुढं लावायच्या मेणबत्त्या लावायच्या आधीच वाकल्या, नमस्कार करून राह्यल्यासारख्या.

आणि मग ऊन पल्लवीच्या तोंडावर आलं.

माझ्या बोटांना मुंग्या आल्या. एक कनात. फक्त एक कनात, त्या कोपऱ्यात. मी तोंड उघडलं आणि ह्यांनी पदर ओढला, “बस!”

विहीणबाई लगबगीनं आल्या. डोक्यावर रुमाल, पाय भाजत असल्यानं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. “बाई, तुमी तं या धंद्यातल्या. सांगा नं काही! कुठून बांधू?”

काय सांगू तुम्हाला! जन्मभर लोकांनी न विचारता मी सांगत आली, आणि आज विहीण हात जोडून विचारते तर मला बोलता येत नाही. मी म्हटलं, “मी पाव्हनी हाये, बाई. मले काही समजत नाई.”

त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी टेंभा मिरवते. वाटणारच. पोरीच्या सासूशी पहिल्याच दिवशी वाकडं, आणि तेही पोरीला दिलेल्या शब्दापायी. मला रडू यायच्या बेतात होतं.

तिकडं दिनेशभाऊ कनात घेऊन धावला आणि सवयीनं कुठं बांधायला लागला? दक्षिणेकडे! म्हणजे भिंतीवर! चार माणसं शिडी लावून समाजमंदिराच्या भिंतीला कापड गुंडाळत होती. मधूनच तो माझ्याकडं केविलवाणा पाहत होता, “मावशी, खून तरी करा!” मी खूण केली नाही. माझी एक भुवई आपोआप उत्तरेकडं जाऊन राह्यली होती, तिला मी हातानं दाबून धरलं.

स्टेजवर जावयानं फुलांचं ताट पल्लवीच्या डोक्यावर धरलं होतं. मुलगा चांगला आहे हो. पण ताट केवढं आणि ऊन केवढं? पल्लवीचं काजळ गालावर आलं होतं. ती डोळे बारीक करून माझ्याकडं पाहत होती, मी बसली आहे ना ते. मी बसली होती. मग तिनं भिंतीकडं पाहिलं, मग पायाशी पडलेल्या स्वतःच्या सावलीकडं पाहिलं.

आणि उठली. गळ्यात माळ पडायची बाकी, आणि नवरी उठली! भंतेजी थांबले, डीजेवाला थांबला, चार-सहाशे माणसांच्या माना तिच्याकडं वळल्या.

पल्लवीनं पांढऱ्या साडीच्या निऱ्या वर खोचल्या, स्टेजवरून उडी मारली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, “दिनेशभाऊ! भिंतीले लुगडं काऊन नेसवून राह्यले? सूर्यानं कूस बदलली! इकडं आना ते, उत्तर-मावळतीच्या कोपऱ्यात!”

कोणी जागचं हलेना. तेव्हा तिनंच कनातीचं टोक ओढलं, खुर्ची ठेवली, तिच्यावर चढली. जावई ताट टाकून धावला आणि खुर्ची धरून बसला. तिनं बल्लीला दोरी घातली, दोन वेढे, एक मुरड, दातात टोक धरून ओढलं. ही आमच्या घरची गाठ. वाऱ्यानं सुटत नाही, एका झटक्यात सोडता येते. मी तिला कधी शिकवली नव्हती. सतरंज्यांच्या गठ्ठ्यावरून पाहून पाहून शिकली असणार.

“ताना!” ती ओरडली. दिनेशभाऊनं दुसरं टोक ताणलं. ऊन स्टेजवरून पुसून गेल्यासारखं झालं. आणि मग अशी शिट्टी, असा टाळ्यांचा कडकडाट, डीजेवाल्यानं न सांगता ढोल लावला, चिकटलेले मामा खुर्चीसकट नाचले. भंतेजी हसत होते. विहीणबाई आ वासून माझ्याकडं वळल्या.

“मायबाई! हे नवरी हाये का मंडपवाली?”

“दोन्ही हाये, बाई!” मी म्हटलं. हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही. त्यांनी माझा हात धरला, आणि आम्ही दोघी विहिणी तोंडाला पदर लावून, खांद्याला खांदा भिडवून हसत सुटलो. त्यांना तेव्हाच मी शब्दाचं सारं सांगितलं.

पल्लवी खुर्चीवरून उतरली. हाताला दोरीचा काळा मळ, साडीवर तोच मळ, गजरा एका कानावर लोंबत होता. स्टेजवर चढता चढता तिनं वळून पाहिलं. मी बसलेलीच होती. ती अशी हसली, अशी हसली माझी पोट्टी! मग वंदना झाली, वाकड्या मेणबत्त्या लागल्या, माळा पडल्या. मी एकदाही वर पाहिलं नाही.

दिनेशभाऊ मनाला लावून घेणारा माणूस. अजूनही मेमध्ये काम आलं की फोन करतो. परवा विचारत होता, “मावशी, तशाच जागेवर लग्न हाये. त्या दिवशी पल्लवीताईनं कनात बांधली तं सावली स्टेजवर कुठवर आली होती? तुमाले तं बरोबर ध्यानात असन.”

“मले काय माहीत, भाऊ,” मी म्हटलं. “मी माह्या पोरीले पाहून राह्यली होती.”